लाइन थांबवून कामगारांना विचार करायला लावणं परवडतं का?

भोसरीकर:
आमच्या मशीन शॉपमध्ये दर शुक्रवारी सकाळचे पहिले वीस-पंचवीस नग रिजेक्ट व्हायचे. बोअर, म्हणजे नगातलं भोक, मापात बसायचा नाही. इन्सर्ट (कापणारी टीप) बदलायचा, ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) द्यायचा, दुपारपर्यंत माप उलट्या बाजूला सरकायचं. वर्षभर हेच. शेवटी एका ऑपरेटरने विचारलं, "शुक्रवारीच का?" गुरुवारी सुट्टी, म्हणजे मशीन दिवसभर गार पडलेलं. स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, तापत जातो तसा वाढतो आणि माप हलतं. आता आधी वीस मिनिटं मशीन रिकामं फिरवतो. रिजेक्शन थांबलं.

हा प्रश्न आपोआप नाही सुचला. आठवड्यातून एक तास लाइन थांबवून आम्ही टोयोटाच्या ताइची ओनोंची 'पाच वेळा का विचारा' ही पद्धत गिरवतो. टोयोटाने कामगारांच्या सूचना मागवायला १९५१ मध्येच सुरुवात केली होती. नवं मशीन घेताना मालक पाच वर्षांचा हिशोब मांडतात. तोच हिशोब या एका तासाचाही मांडा, एवढंच माझं म्हणणं.

जॉबवर्कवाला:
तुम्हाला परवडतं. माझ्याकडे अकरा माणसं, पेमेंट नव्वद दिवसांनी, आणि गिऱ्हाईक दर वर्षी रेट कमी करून मागतं. शिकवून तयार केलेला पोरगा दोन हजार जास्त मिळाले की शेजारच्या गाळ्यात जातो. मग गुंतवणूक कुणाची नि फायदा कुणाला?

क्वालिटीवाली:
पटतं, पण हे वरून हुकूम म्हणून आलं की त्याचा कोटा होतो. माणशी महिन्याला दोन कायझन, म्हणजे छोट्या सुधारणा! एकतीस तारखेला ट्रॉलीला रंग मारून 'आधी-नंतर'चे फोटो चिकटवलेले मी स्वतः तपासलेत. जपानमध्ये क्वालिटी सर्कल (कामगारांचे छोटे गट) १९६२ मध्ये सुरू झाली ती कामगारांनी स्वतः अभ्यास करावा म्हणून. शीट भरायला नव्हे.

सेकंड शिफ्ट:
मी कंत्राटी आहे. फिक्स्चरचा (नग धरून ठेवणाऱ्या साच्याचा) क्लॅम्प उलट्या बाजूने बसवा, असं मी सुचवलं. नगामागे आठ सेकंद वाचले. सगळ्यांसमोर टाळ्या, चहाचा एक मग भेट. पुढच्या महिन्यात टार्गेट वाढलं आणि दोन हेल्पर कमी केले. त्यातला एक माझ्याच खोलीवर राहायचा. तो गावी गेला. तेव्हापासून मशीनवर काही दिसलं तरी मी बोलत नाही. विचार करायला आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही, साहेब.

भोसरीकर:
दादा, याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे कुणाला काढलं नाही, पण काढणार नाही असं लेखीही दिलेलं नाही. तासाचा हिशोब मांडताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सूचनेमुळे कुणाचं काम जाणार नाही, हे नोटीस बोर्डावर सहीनिशी लावा, असं मालकांना सांगतो.

सेकंड शिफ्ट:
कंत्राटी हा शब्दही त्यात घाला.

जॉबवर्कवाला:
माझं मत तेच आहे, लाइन थांबवणार नाही. पण गुरुवारी सुट्टी आम्हालाही असते. या शुक्रवारी मशीन वीस मिनिटं फिरवून बघतो.