नववीचे गुण आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया

प्रश्न: मुलीला नववीत दोन सी, अल्जिब्रा-१ मध्ये डी. दहावी-अकरावीत बहुतेक ए. अर्ज करण्यात अर्थ आहे का?

उत्तर १: जरूर करा. तिथला जीपीए (ग्रेडची सरासरी) नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या विषयांवर काढतात. पण नववीचे गुण अर्जात भरावेच लागतात. लपवले तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

उत्तर २: प्रवेशासाठी आवश्यक विषयात किमान सी लागतो, त्यामुळे खरी अडचण त्या डीची. अल्जिब्रा-२ मध्ये सी किंवा वरचा ग्रेड असेल तर तीही मिटते. सी आलेले विषय पुन्हा घेऊ नका, जीपीए वाढत नाही.

उत्तर ३: नववीतल्या घसरणीचं कारण अर्जाच्या निबंधात नको. जादा माहितीच्या रकान्यात चार ओळी पुरतात, रडगाणं नको.