एक्स्टेन्शन बघून सर्टिफिकेट ओळखणाऱ्यांसाठी

षोडशमान
परवा इथे कुणी ठासून लिहिलं, "डॉट सीआरटी म्हणजे सर्टिफिकेट, डॉट की म्हणजे की. आतलं वाचणारा कोड लिहिणं ही वेळेची नासाडी." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. अहो, डॉट सीआरटीत पीईएमही (मजकुराच्या रूपातलं) असतं आणि डीईआरही (नुसत्या बाइटच्या रूपातलं)! पीईएमची 'बिगिन' ओळच सांगते: नुसतं 'प्रायव्हेट की' (गुप्त ठेवायची की) म्हणजे पीकेसीएस ८, कुठल्याही प्रकारच्या कीचा फॉरमॅट; 'आरएसए प्रायव्हेट की' म्हणजे पीकेसीएस १, फक्त आरएसए कीचा. डीईआर ३० ८२ ने सुरू होतं (बाइट षोडशमान, म्हणजे हेक्समध्ये), मग लांबीचे दोन बाइट. पुढे ०२ ०१ ०३ दिसलं की पीकेसीएस १२, म्हणजे की आणि सर्टिफिकेट एकत्र ठेवणारी फाइल. ०२ ०१ ०० असेल तर की. त्यानंतर ३० आलं तर पीकेसीएस ८, ०२ आलं तर पीकेसीएस १. आणि लांबीनंतर थेट ३० आलं तर बहुधा सर्टिफिकेट.

रात्रपाळी
ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही. 'बहुधा'वर प्रॉडक्शन चालवणार? सीएसआरचीही (सर्टिफिकेट मागायच्या अर्जाचीही) सुरुवात तशीच असते. आणि ३० ८२ चा हट्ट कसला? पी-२५६ ची नेहमीची ईसी (एलिप्टिक कर्व्ह) की १२१ बाइटची, ती ३० ७७ ने सुरू होते. तुमचा कोड ती नाकारणार. त्यापेक्षा नावं नीट द्यायची शिस्त लावा.

षोडशमान
३० ८२ चं चुकलं. लांबी वाचूनच पुढे जायला हवं. पण सीएसआर वेगळा काढता येतो: आणखी एक पातळी आत गेलं की व्ही३ (तिसऱ्या आवृत्तीच्या) सर्टिफिकेटमध्ये ए० ०३ ०२ ०१ ०२ मिळतं, सीएसआरमध्ये ०२ ०१ ००.

जावाकर
शिस्तीचं मला सांगू नका. जावा ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, कीटूल (जावाचं कीस्टोअर, म्हणजे की ठेवायची फाइल, बनवणारं साधन) न सांगता पीकेसीएस १२ बनवतं. फाइलचं नाव मात्र सगळे डॉट जेकेएसच (जावाच्या जुन्या कीस्टोअर फॉरमॅटचं) ठेवतात. आमचं जुन्या जावावरचं ॲप 'इनव्हॅलिड कीस्टोअर फॉरमॅट' म्हणत राहिलं आणि मी अर्धी रात्र पासवर्ड बदलत बसलो. खऱ्या जेकेएसचे पहिले चार बाइट एफई ईडी एफई ईडी असतात. तेवढं बघितलं असतं तर झोपलो असतो.

रात्रपाळी
कीटूलला स्टोअरटाइप सांगितला असता तरी झोपला असता. जावाची रडगाणी वेगळ्या धाग्यात काढा.

जावाकर
रडगाणं? ती फाइल मला दुसऱ्या टीमकडून आली होती. मी कुणाला काय सांगणार होतो? स्वतःच बनवलेल्या फाइलींवर जगणाऱ्यांनी शिस्त शिकवू नये.

पोर्ट४४३
भांडा सावकाश, पण दोघांच्याही पद्धतीत माझी की फुटली असती. एका सहकाऱ्याने डॉट सीआरटी फाइल ग्राहकाला मेल केली. वर 'बिगिन सर्टिफिकेट', एकदम व्यवस्थित. खाली त्याच फाइलमध्ये प्रायव्हेट की. सर्टिफिकेट रद्द करून नवी की बनवेपर्यंत माझे हात कापत होते. पीईएममध्ये कितीही ब्लॉक असू शकतात, वर 'बॅग ॲट्रिब्यूट्स'सारखा मजकूरही असतो. पहिल्या ओळीवर थांबू नका, फाइल शेवटपर्यंत वाचा.

रात्रपाळी
हे मात्र नावावरून कळलं नसतं. बाहेर जाणाऱ्या फाइलींपुरतं आतलं तपासणं मान्य. सर्व्हरवरच्या माझ्या फाइलींना मी नावानेच ओळखणार.