.२२ पिस्तुलाची स्लाइड मधूनच अडकते, मदत हवी आहे

मंडळी, मी जळगावची, २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल खेळते. माझ्या पिस्तुलाची स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) मधूनच पूर्ण पुढे जात नाही, मिलिमीटरभर मागे राहते. रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट नेमबाजीच्या टप्प्यात, जास्त. तिथे टार्गेट समोर असतं ३ सेकंद. मालफंक्शन (पिस्तुलाचा बिघाड) म्हणून मान्य झालं तरी लय तुटतेच.

मॅगझिन बदलून पाहिलं, फरक नाही. चेंबरच्या (गोळी बसते त्या जागेच्या) तोंडाशी मात्र काळपट, मेणचट थर सापडतो, .२२च्या गोळीवरचं मेण आणि शिसं. साफ केलं की थोडे दिवस सुरळीत. त्यात खान्देशातला उन्हाळा, तेलावर धूळ लगेच चिकटते. तेल कमी करू का? की स्लाइड पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग दमली असेल? एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) किंवा चेंबर घरी घासायचं नाही, हे नक्की. नाशिक-पुण्याकडचा जाणकार, परवानाधारक आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) कुणाला माहीत असेल तर कृपया सुचवा.