‘प्राउड’ म्हणजे मानी की गर्विष्ठ? पेंड्रॅगनच्या मराठी पत्रकासाठी शब्द हवेत

प्रश्न

‘किंग आर्थर पेंड्रॅगन’ हा बैठा भूमिकाखेळ आमच्या घरी काही वर्षांपासून चालू आहे. प्रत्येकाने आर्थर राजाच्या काळातल्या एकेका सरदाराची भूमिका घ्यायची, सूत्रधाराने प्रसंग सांगायचा, आणि वीस बाजूंच्या फाशाचं दान पडेल तशी गोष्ट पुढे न्यायची. सहाव्या आवृत्तीचा प्रारंभिक संच २०२३ मध्ये आणि मुख्य नियमपुस्तक २०२४ मध्ये आलं. पात्राचे स्वभाव आणि आकडे लिहायची पत्रकं नव्याने करायचीच होती, म्हणून या वेळी मराठीत करतोय. आता आईही खेळायला बसते, हे मोठं कारण.

अडचण स्वभावाच्या जोड्यांची आहे. अशा १३ जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज २०. सच्चेपणा १४ असेल तर कपटीपणा ६. एक वाढलं की दुसरं तेवढंच उतरतं. मोहाचा प्रसंग आला की फासा टाकायचा. आकड्याइतकं किंवा त्याहून कमी पडलं तर माणूस त्या स्वभावाप्रमाणे वागतो. दयाळू–क्रूर, उदार–स्वार्थी, शूर–भित्रा हे सहज जमलं. ‘मॉडेस्ट–प्राउड’साठी मी ‘विनम्र–गर्विष्ठ’ लिहिलं, तर आईने पेन घेऊन ‘गर्विष्ठ’ खोडलं. म्हणाली, “माझा माणूस गर्विष्ठ नाही. त्याला कुणापुढे वाकायला आवडत नाही, एवढंच.”

‘लस्टफुल’, ‘वर्ल्डली’ आणि ‘आर्बिट्ररी’ यांच्यापाशीही अडलोय. सुचवा.

उत्तर

आईंचं बरोबर आहे, आणि खेळाच्या नियमांतही त्याला आधार आहे. ख्रिस्ती नाइटला (तुम्ही ज्याला सरदार म्हणता तो) पाच स्वभाव धर्माने शोभतात, त्यांत विनम्रता आहे. पण जुने देव मानणाऱ्या ब्रिटनांच्या पाचांमध्ये ‘प्राउड’ आणि ‘लस्टफुल’ दोन्ही आहेत. म्हणजे एकाचा दोष तो दुसऱ्याचा गुण. ‘गर्विष्ठ’ लिहिलंत की निवाडा शब्दातच होऊन जातो, जुन्या धर्माच्या माणसाला जागाच उरत नाही. ‘मानी’ घ्या. मानी माणूस हट्टी असेल, त्याच्यामुळे घर बुडेलही, पण त्याला मानी म्हणताना आपला आवाज खाली येत नाही.

याच कारणाने ‘गुण–अवगुण’ असा मथळाही नको. ‘स्वभावाची पारडी’ म्हणा. बेरीज २० राहते, हेही त्यात आपोआप येतं.

‘वर्ल्डली’ला ‘प्रापंचिक’. ‘आर्बिट्ररी’ला ‘लहरी’ पुरे. ‘मनमानी’ नको, ते वागण्याचं नाव आहे, माणसाचं नाही.

उत्तर

मला ‘सरदार’ खटकतो. सरदार म्हटलं की हाताखाली फौज आली. खेळ सुरू होताना आपल्या पात्राकडे स्वतःची जमीन नसूही शकते. असा नाइट धन्याच्या वाड्यावर जेवतो, घोडा आणि शस्त्रांचा खर्च धनी करतो. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: बारगीर. घोडा सरकारचा, स्वार तेवढा आपला. स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. मग सगळ्या नाइटांना शिलेदार का म्हणू नये? कारण शिलेदाराची चाकरी हा व्यवहार होता. नाइट होताना गुडघे टेकून शपथ घ्यावी लागते, आणि ती मोडली की माणूसच मोडतो. म्हणून मूळ शब्द ‘नाइट’ ठेवा आणि पोटभेद मराठीत करा: बारगीर नाइट, जहागीरदार नाइट.

जमिनीबाबतही आपले शब्द चपखल बसतात. पाचव्या आवृत्तीत जमीन दोन तऱ्हांनी मिळते. एक फक्त हयातीपुरती; मेल्यावर धन्याकडे परत. दुसरी वंशपरंपरा, मुलाकडे जाणारी. पहिलीला ‘सरंजाम’ म्हणा, दुसरीला ‘वतन’. सरंजाम तत्त्वतः चाकरीपुरता असे, व्यवहारात मात्र पुढे तोही घराण्यात मुरला. वतनासाठी आपल्याकडे भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या भांडले. खेळातही नाइट नेमका त्याचसाठी झुरतो, म्हणून हे शब्द पत्रकावर आले की खेळणाऱ्याला समजवावं लागणार नाही.

उत्तर

‘पॅशन’ राहिलं. भावना नको, फार मवाळ आहे. खेळात त्या खान्यात धन्यावरची निष्ठा, घरच्यांवरचं प्रेम, अब्रू, सॅक्सनांचा (ब्रिटनांच्या शत्रूंचा) द्वेष हे सगळं येतं. त्याच्या बळावर नाइट अंगात आल्यासारखा लढतो आणि दान फारच उलटं पडलं तर वेडा होऊन रानात निघून जातो. एवढी उंची आणि एवढी खोली ‘आवेग’ शब्दात आहे. ‘ऑनर’ला ‘अब्रू’च. ‘सन्मान’ समारंभात मिळतो, अब्रू जाऊ शकते.

‘ग्लोरी’ला कीर्ती. यश नाही, कारण हरलेल्या लढाईतही ती मिळते. नेमका आपला आकडा पडला तर सोंगट्यांतला ‘पौबारा’ म्हणावंसं वाटेल, पण मराठीत पोबारा करणे म्हणजे पळून जाणे. ‘नेमकं दान’ म्हणा.

उत्तर

‘आवृत्ती’बद्दल थोडं. मराठी पुस्तकावर दुसरी आवृत्ती लिहिलेलं असलं तरी पुष्कळदा आत नुसतं पुनर्मुद्रण असतं. इथे तसं नाही. ग्रेग स्टॅफर्ड यांचा हा खेळ १९८५ मध्ये केऑझियम या प्रकाशनसंस्थेने काढला. टॉमस मॅलरी या इंग्रज लेखकाचा आर्थरग्रंथ मुद्रक कॅक्स्टनने छापला १४८५ मध्ये, त्याला तेव्हा बरोबर पाचशे वर्षं झाली होती; आणि स्टॅफर्ड यांचा मुख्य आधार मॅलरीच. जुनी पुस्तकं शोधणाऱ्यांनी दुसरी आवृत्ती शोधू नये. ती जाहीर झाली, निघाली नाही. १९९० मध्ये थेट तिसरी आली. पुढे १९९३ मध्ये चौथी, २००५ मध्ये पाचवी. ५.१ आणि ५.२ यांना मी ‘सुधारित पाचवी’ म्हणतो. स्टॅफर्ड २०१८ मध्ये गेले. सहावीवर ते अखेरपर्यंत काम करत होते, म्हणून तिला नुसती ‘नवी’ म्हणताना मला अपुरं वाटतं.

आणि पत्रक घरापुरतं न ठेवता इतरांना द्यायचं असेल, तर चाहत्यांच्या साहित्याविषयीचे प्रकाशकांचे नियम आधी वाचा. ‘कंपॅनियन्स ऑफ आर्थर’ या नावाखाली चाहत्यांना स्वतः लिहिलेल्या मोहिमा रीतसर विकताही येतात. ‘कॅम्पेन’ला मोहीम हा शब्द इथे फारच शोभतो. २००६ ची मोठी मोहीम इसवी सन ४८५ ते ५६६ चालते. साधारण एका बैठकीत एक वर्ष, दरवर्षी हिवाळा, आणि शेवटी पहिल्या नाइटाचा नातू तलवार उचलतो.

उत्तर

कुणी ‘पेंड्रॅगन’चंच भाषांतर करायला जाऊ नये, म्हणून लिहितो. वेल्श भाषेत ‘पेन’ म्हणजे डोकं, प्रमुख. ‘ड्रॅगन’ हा जुन्या वेल्श काव्यात योद्ध्याला, नायकाला म्हणतात, जसं आपण नरशार्दूल म्हणतो. १२व्या शतकात आर्थरकथा लिहिणाऱ्या मॉनमथच्या जेफ्रीने ‘पेंड्रॅगन’चा अर्थ ‘ड्रॅगनचं डोकं’ असा दिला आणि तोच रुळला. वाघाचं डोकं आणि नरशार्दूलांचा प्रमुख यांत जेवढं अंतर, तेवढं इथे आहे.

प्रश्नकर्ता

मानी, प्रापंचिक, लहरी, आवेग, अब्रू, कीर्ती: सगळं पत्रकावर चढवलं. आईच्या नाइटाचं मानीपण १७ आहे. सोळा आणि वरच्या स्वभावाची सगळीकडे ख्याती होते, हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “होऊ दे की.” तिला वतन हवंय, आणि परवाच्या बैठकीत तिने ते धन्याकडे त्याच शब्दात मागितलं.

‘लस्टफुल’ अजून रिकामं आहे. ‘कामुक’ नको, ‘रंगेल’ हलका वाटतो. ‘शृंगारी’ पेन्सिलीने लिहून ठेवलाय. समोरचा शब्द ‘संयमी’ घ्यावा तर तो खाण्यापिण्याच्या जोडीत आधीच वापरलाय. हे दोन्ही एकदम सुटतील असं काही सुचलं तर लिहा.