अनुभव धागा: जर्मनीतलं वर्ष-दोन वर्षांचं ऑनसाइट, जोडीने

कंपनीने वर्ष-दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं की तिकीट, व्हिसा आणि पहिल्या महिन्याचं घर बहुतेक वेळा कंपनीच बघते. पुढचं सगळं त्या दोघांवर येतं, आणि सोबत गेलेल्या बायकोची किंवा नवऱ्याची चौकशी ना एचआर करतं, ना प्रोजेक्ट. तिथे राहिलेल्यांनी या धाग्यात नेमकं लिहावं: कागद, मुदती, स्वयंपाकघर, भटकंती, परतीची आवराआवर. प्रवासवर्णन नको. कुठे अडतं आणि का अडतं, ते हवं. आकडे २०२६ चे धरून लिहा.

फ्रँकफर्टहून

सुरुवात नावापासून. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव अशी दोन नावं असतात. जर्मन कचेरी ती दोन्ही जशीच्या तशी 'फोरनामं' म्हणून उतरवते आणि मग बँक, विमा, आयकर सगळीकडे तेच लांबलचक नाव फिरतं. फिरू द्या. बायकोने आडनाव बदललेलं नसेल तरी कुठे अडत नाही. अडतं ते एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं आडनाव लिहिलं की. पासपोर्टवर जे आहे तेच, अक्षर न् अक्षर.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करायची असते. मोठ्या शहरांत तेवढ्या दिवसांत अपॉइंटमेंट मिळेलच असं नाही. म्हणून घर पक्कं झालं त्याच दिवशी वेळ शोधायला लागा आणि बुकिंगचा पुरावा जपून ठेवा. दोघांचे पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाच्या सहीची 'वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग', म्हणजे तुम्ही तिथे राहायला आल्याचा त्याचा दाखला, लागते. भाडेकरार तिच्या जागी चालत नाही. या दाखल्यावर दोघांची नावं आहेत ना, ते सही घेतानाच बघा. एकच नाव असेल तर दुसऱ्याची नोंद होत नाही आणि पुन्हा अपॉइंटमेंटच्या रांगेत लागावं लागतं. सर्व्हिस अपार्टमेंटवाले कधी कधी हा दाखला द्यायला तयार नसतात, तेव्हा बुकिंगआधी लेखी विचारून घ्यावं.

चौथा कागद यादीत नसला तरी न्याच: विवाह नोंदणीचा दाखला, शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेल्या जर्मन अनुवादासह. तो दाखवला नाही तर वैवाहिक स्थितीची नोंद नीट होत नाही आणि पगारावर अविवाहिताचा कर कापला जातो.

आणि पत्रपेटी! तिकडे पत्त्यात सहसा फ्लॅट क्रमांक नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर आणि बेलवर दोघांची आडनावं पहिल्याच दिवशी लावा, साधी चिकटपट्टी चालते. नाव नसलं की पत्र परत जातं, आणि नेमकी हीच पत्रं महत्त्वाची असतात: दोघांचे वेगवेगळे कर-ओळख क्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा पिन.

श्टुटगार्टहून

वरच्या करवाल्या मुद्द्यात भर. दोघंही तिथे नोंदलेले आणि विवाहित म्हणून दिसत असले की दोघांना कर-वर्ग चार मिळतो (पगारातून दरमहा किती कर कापायचा, ते या वर्गावरून ठरतं). एकाचाच पगार असेल तर अर्ज करून कमावणाऱ्याला वर्ग तीन आणि दुसऱ्याला पाच अशी जोडी घेता येते, त्याने महिन्याला हातात जास्त येतं. वर्षाचा एकूण कर मात्र विवरणपत्रातच ठरतो, आणि तीन-पाच घेतलं की विवरणपत्र भरणं बंधनकारक होतं. हे बऱ्याच जणांना भारतात परतल्यावर पत्र आलं की कळतं.

निघण्यापूर्वी कंपनीकडून ईपीएफओचं, म्हणजे आपल्या पीएफ कार्यालयाचं, सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज काढून घ्या. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. भारतीय कंपनीच्याच नोकरीत राहून पाठवलेल्या माणसाला या कागदामुळे जर्मन पेन्शनचा हप्ता भरावा लागत नाही. कागद नसेल तर कर्मचाऱ्याच्या पगारातून ९.३ टक्के जातात. स्थानिक करारावर गेलेल्यांना मात्र याचा उपयोग नाही.

आरोग्य विमा त्या करारात येत नाही. सरकारी विमा असेल तर न कमावणारा जोडीदार त्याच हप्त्यात मोफत येतो. खाजगी असेल तर प्रत्येकाची पॉलिसी वेगळी. खाजगी पॉलिसीत बाळंतपण आणि दातांच्या मोठ्या कामांना आठ महिने थांबावं लागण्याची अट असू शकते. मुक्काम जेमतेम वर्षभराचा असेल तर ही एक ओळ सगळ्या पॉलिसीपेक्षा महत्त्वाची, सही करण्याआधी वाचा.

सोबत आलेल्याला काम करता येतं का, हा नेहमीचा प्रश्न. कौटुंबिक कारणाने मिळालेल्या रहिवासी परवान्याच्या कार्डावर कामाची परवानगी असते, वेगळा परवाना लागत नाही. छोट्या कामासाठी 'मिनीजॉब' आहे, त्यातल्या कमाईची मर्यादा महिन्याला ६०३ युरो. मात्र पुण्याची किंवा मुंबईची नोकरी लॅपटॉपवरून तिथे बसून चालू ठेवणं तेवढं सरळ नाही. पगार भारतात जमा होत असला तरी काम जर्मनीत बसून झालेलं असतं, त्यामुळे कराचा आणि विम्याचा प्रश्न तिथे उभा राहतो. भारतातल्या कंपनीची लेखी परवानगी आणि जर्मन करसल्लागाराचं मत, दोन्ही निघण्यापूर्वी घ्या.

म्युनिकहून

घर आणि स्वयंपाक.

जाहिरातीत 'काल्टमीटं' आणि 'वार्ममीटं' असे दोन आकडे असतात. पहिल्यात फक्त भाडं, दुसऱ्यात पाणी, कचरा आणि बहुतेक वेळा हीटिंग. वीज आणि इंटरनेट सहसा दोन्हींत नसतं. अनामत जास्तीत जास्त तीन काल्टमीटं इतकीच घेता येते आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे. रिकामं घर खरंच रिकामं असतं. ओटा, सिंक, शेगडी, छतावरचे दिवे काहीच नाही, असंही होतं. दोन वर्षांहून कमी मुक्काम असेल तर 'म्योब्लिअर्ट', म्हणजे सामानासहित घर, महाग वाटलं तरी परवडतं, कारण जाताना काही विकत बसावं लागत नाही.

कुकर नेताना तळाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर इंडक्शनवर चालणार नाही, आणि साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चिकटत नाही. गॅस्केटं दोन-तीन आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचा न्या, नेमक्या त्या मापाचे तिथे मिळत नाहीत. मिक्सर चालतो: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ दोन्हीकडे. आपली तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा अर्थिंग असलेला आणि मिक्सरचे वॉट झेपणारा अडॅप्टर घ्या. विमानतळावर मिळणारे हलके अडॅप्टर मोबाइलपुरतेच.

तूप, पेढे, खवा, पनीर बॅगेत भरू नका. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ आणता येत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि आंबेही प्रमाणपत्राशिवाय नाहीत. कोरडे मसाले, गोडा मसाला, डाळी, पोहे आणता येतात.

आता बुरशी. अनामत कापली जाण्याचं हे मोठं कारण, आणि आपल्या स्वयंपाकपद्धतीत ती पटकन धरते. कुकरची वाफ, उकळते भात-डाळ, हिवाळ्यात आत वाळत घातलेले कपडे, या सगळ्यांची ओल थंड भिंतीवर जमते. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवणं हा उपाय नाही, उलट त्याने खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि बुरशी तिथेच सुरू होते. खिडक्या पूर्ण, सताड उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, आणि तेवढा वेळ हीटर बंद. स्वयंपाक झाला की लगेच एकदा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावलेलं बरं, नाहीतर पॅसेजमधला धुराचा अलार्म वाजतो.

रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी पूर्ण दिवस शांततेचा. चटणीचा मिक्सर रात्री साडेनऊला फिरवून घ्या.

कोलोनहून

दोन छोट्या गोष्टी. रेडिओ-टीव्हीचं शुल्क महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. ते घरामागे आहे, माणसामागे नाही. तरी नोंदणीनंतर दोघांना वेगवेगळी पत्रं येतात. एकाने नोंदणी करायची आणि दुसऱ्याने उत्तरात पहिल्याचा क्रमांक कळवायचा. दुसरं पत्र नुसतं फेकून दिलं तर दोघांकडून वसुली सुरू होते.

दुसरी: 'हाफ्टफ्लिश्ट', म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, जोडप्यासाठी एकच घ्या. त्यात भाड्याच्या घराची किल्ली हरवणं येतं का, ते विचारा. एकाच किल्लीने इमारतीचं मुख्य दार आणि तुमचं दार उघडत असेल तर हरवल्यावर सगळ्या इमारतीची कुलपं बदलण्याचा खर्च मागितला जाऊ शकतो.

फ्रायबुर्गहून

भटकंतीचा कणा म्हणजे डॉइशलांडटिकेट, देशभर चालणारं मासिक तिकीट, महिन्याला ६३ युरो, प्रत्येकाचं स्वतंत्र. आरई, आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान लोकल, मेट्रो, ट्राम, बस सगळ्यात चालतं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत नाही. वर्गणी आहे, त्यामुळे बंद करायची तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं, ११ तारीख उजाडली की पुढचा महिनाही भरायचा. सुट्टीत महिनाभर भारतात जाणाऱ्यांनी ही तारीख कॅलेंडरवर लावून ठेवावी.

या तिकिटावर होणाऱ्या एका दिवसाच्या सहलींत पहिली निवड ऱ्हाइनची. बिंगेन ते कोब्लेन्झ हा पट्टा २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे. माइन्झहून कोब्लेन्झला डाव्या काठाने जा, बाखाराख किंवा झांक्ट गोआरला उतरा. परतताना कोब्लेन्झहून उजव्या काठाने रुडेसहाइममार्गे या. दोन्ही वेळा जाण्याच्या दिशेने उजवीकडची खिडकी धरा, नदी उजव्या हाताला राहते. मध्ये कुठे पूल नाही, काठ बदलायचा तर फेरीबोट.

आमच्या बाजूला यायचं तर ऑफेनबुर्गहून कॉन्स्टान्झची गाडी पकडा. हॉर्नबर्ग ते झांक्ट गेऑर्गेनमध्ये रूळ वळणं घेत, बोगद्यांमागून बोगदे काढत चढतात. ट्रिबर्गचा धबधबा बघायचा तर अर्धा दिवस लागतो. म्युनिकहून फ्युसेनला सुमारे दोन तास, पुढे बस. तिथल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्याच्या तिकिटावर प्रवेशाची नेमकी वेळ असते आणि बसथांब्यापासून वर चढायला अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून गाडी एक तास आधीची धरा. साल्झबुर्ग स्टेशनपर्यंतही हेच तिकीट चालतं.

आई-वडील आले की त्यांच्यासाठी त्या त्या राज्याचं एका दिवसाचं 'लेंडरटिकेट': पाच जणांपर्यंत एकच, सहसा सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून.

लांबच्या प्रवासाला 'श्पारप्राइस', म्हणजे सवलतीचं तिकीट, लवकर काढलं तर स्वस्त, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. उतरायच्या स्टेशनला पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. एक तास उशीर झाला तर २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के पैसे परत मागता येतात. गाडी बदलायला आठ मिनिटं दाखवणारा मार्ग घेऊ नका, किमान वीस-पंचवीस ठेवा.

बर्लिनहून

जर्मनीचं रहिवासी कार्ड किंवा वैध राष्ट्रीय व्हिसा असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. जर्मनीत घालवलेले दिवस त्यात धरत नाहीत. क्रोएशिया, रोमानिया, बल्गेरिया आता शेंगेनमध्ये आहेत. ब्रिटन आणि आयर्लंडला वेगळा व्हिसा लागतो. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपियन युनियनचं रोमिंग तिथे लागू नाही. डेटा बंद करूनच सीमा ओलांडा.

गोंधळ व्हिसा संपल्यावर आणि कार्ड हातात येण्याआधी होतो. तेव्हा 'फिक्त्सिओन्स'चा, म्हणजे मधल्या काळापुरता तात्पुरता, कागद मिळतो. त्यावर जर्मनीत राहता येतं, पण तो घेऊन दुसऱ्या देशात जाता येईलच असं नाही. दोघांची कार्डं वेगवेगळ्या दिवशी येतात हे धरा, आणि पॅरिस-प्रागची बुकिंगं दुसरं कार्ड हातात आल्यावरच करा. सीमेजवळच्या गाड्यांत तपासणी होते. मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड, दोघांचं दोघांकडे हवं.

गाडी चालवायची तर भारतीय परवाना, त्यासोबत जर्मन भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना. राहायला आल्यापासून सहा महिने चालतो. मुक्काम वर्षाच्या आतच संपणार असल्याचा पुरावा दिला तर आणखी सहा महिन्यांची मुदतवाढ मागता येते. ही सोय वर्षभराच्या पोस्टिंगवाल्यांसाठीच आहे आणि मुदत संपण्याआधी अर्ज करावा लागतो.

ड्युसेलडॉर्फहून

परतीचं. घर सोडण्याची सूचना तीन महिने आधी, कागदावर, शाईच्या सहीने, महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हातात पडायला हवी. ई-मेल चालत नाही. भाडेकरार दोघांच्या नावे असेल तर सह्याही दोघांच्या लागतात. बायको किंवा नवरा आधी भारतात परतला आणि मागे राहिलेल्याने एकट्याने सही केली, तर ती सूचना रद्द ठरते आणि भाडं चालू राहतं. आधी जाणाऱ्याने निघण्यापूर्वी मूळ सहीचं अधिकारपत्र देऊन ठेवावं आणि ते सूचनेला जोडावं.

ताबा देताना लेखी ताबापत्र करा. मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या, भिंतींचे फोटो, सगळं त्यात. पत्त्याची नोंद काढणं, आबमेल्डुंग, निघण्याच्या एक आठवडा आधीपासून करता येतं. त्याची पोचपावती जपा. रेडिओ-टीव्ही शुल्क आपोआप थांबत नाही, पोचपावती जोडून ते वेगळं बंद करावं लागतं. बँकेचं खातं घाईने बंद करू नका. पाणी-हीटिंगचा हिशेब त्या हिशेब-वर्षाच्या शेवटानंतर बारा महिन्यांपर्यंत येऊ शकतो, आणि तोवर घरमालक अनामतीतला काही भाग अडवून ठेवतो. उरलेली रक्कम त्याच खात्यात येते. घरमालकाला भारतातला पत्ताही लेखी द्या, दोघांच्या नावाने.