पावसाळ्यात धनगरवाड्यावरून रुग्ण खाली कसा न्यावा?

प्रश्न: गगनबावडा तालुक्यातील आमच्या वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही. ओढ्याला पाणी आले की १०८ ची रुग्णवाहिका खालच्या डांबरी रस्त्यावरच थांबते आणि रुग्णाला डोलीतून तिथवर न्यावे लागते. सर्पदंश झाला किंवा बाळंतपण अडले, तर हा वेळ कसा वाचवावा?

उत्तर १: डोली रस्त्यावर पोहोचल्यानंतर फोन करू नका, ती निघण्यापूर्वीच १०८ ला कळवा, म्हणजे दोन्हीकडचा प्रवास एकाच वेळी सुरू होईल. गरोदर स्त्रीला मात्र दिवस भरत येण्याआधीच आरोग्य केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे ठेवणे हाच खरा उपाय आहे.

उत्तर २: सर्पदंशाबाबत कळकळीने सांगतो. चावलेल्या अवयवाला फळी बांधून तो हलू देऊ नका, रुग्णाला चालवू नका, दोरीने आवळू नका, जखम कापू नका आणि देवळात नेण्यात वेळ दवडू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालत असल्याने साप मारून आणण्याची गरज नसते. जवळच्या आरोग्य केंद्रात ते शिल्लक आहे का, हे पावसाळ्यापूर्वीच विचारून ठेवा, कारण तिथे पहिली मात्रा मिळाल्यावर मगच कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयापर्यंतचा लांबचा प्रवास करणे अधिक सुरक्षित ठरते. मण्यारीच्या दंशाची खूण अनेकदा दिसतही नाही; रात्री जमिनीवर झोपलेल्याला पहाटे पोटदुखी होऊन पापण्या जड झाल्या, तर विषबाधेचाच संशय घ्यावा.

उत्तर ३: ओढ्यावर साकव व्हावा, असा ठराव ग्रामसभेत लेखी मांडा आणि त्याची प्रत तहसीलदारांना द्या.