ट्रकमधून उतरलेला ट्राउट आणि टीव्हीवरची ‘रानातली नदी’

बादलीवाला

मूळचा महाडचा, गेली १४ वर्षं पेनसिल्व्हेनियात. आजोबा सावित्रीवर गरवायला जायचे तेव्हा गांडुळांचा डबा धरून शेजारी बसायचं काम माझं. इथे आल्यावर फ्लाय फिशिंगचा नाद लागला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गळाला किडा लावत नाहीत. पिसं, हरणाचे केस आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावतात. वजन गळाला नसतं, दोरीला असतं. ती दोरी हवेत खेळवत माशी पाण्यावर अशी टेकवायची की ट्राउट माशाला वाटावं, वरून खरंच काहीतरी पडलं.

याच्या स्पर्धा होतात आणि त्या टीव्हीवरही येतात. ईएसपीएनच्या ‘ग्रेट आउटडोअर गेम्स’मध्ये (२००० ते २००५) लाकूडतोडे आणि शिकारी कुत्रे यांच्या जोडीला फ्लाय फिशिंगही असायचं. माझी तक्रार मात्र दुसऱ्याच एका स्पर्धेबद्दल आहे. नाव सांगणार नाही. खाजगी क्लबच्या पाण्यावर चित्रीकरण होतं आणि मी फुकटचा स्वयंसेवक.

आदल्या दिवशी दुपारी टाकीचा ट्रक आला. आम्ही रांगेत उभं राहून हातोहात बादल्या उतरवल्या. वीस-बावीस इंची रेनबो ट्राउट, अंगाने फुगलेले. माझ्या बादलीतल्या एकाचा पाठीवरचा पर जुन्या टूथब्रशसारखा झिजलेला. सिमेंटच्या हौदात एकमेकांना घासत वाढले की असं होतं. सगळे सोडून झाल्यावर कॅमेऱ्याच्या टोळीतल्या एका पोराने गंमत म्हणून मूठभर बारीक खडी पाण्यात फेकली. रानातला मासा पळाला असता. हे सगळे धावून आले! हौदात वरून काही पडलं म्हणजे खाद्य, एवढंच त्यांना शिकवलेलं. मला आमचं वाळण कोंड आठवलं. तिथे वरदायिनीच्या डोहात कुरमुरे टाकले की महासीर अशीच तोंडं वर काढतात.

काही महिन्यांनी कार्यक्रम लागला. धुकं, बासरी, आणि निवेदक घोगऱ्या आवाजात सांगतोय, ‘या रानातल्या नदीतला चतुर, सावध मासा…’ ट्रक कुठेच नाही.

सोडलेला मासा पकडण्यात पाप आहे असं मी म्हणत नाही. आमच्या राज्यात दरवर्षी ३० लाखांहून जास्त ट्राउट सोडतात आणि एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी ८ वाजता मीही पाण्यात उभा असतो. मागणी एवढीच आहे: पडद्याच्या कोपऱ्यात लिहा, ‘मासे काल सोडले.’ महाराष्ट्र केसरीत माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा. गादीवरचा पैलवान काही कमी नसतो, पण गादीला माती म्हणून कुणी दाखवत नाही.

गोफण

असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत. मी कोलोरॅडोत राहतो, बारीकसारीक स्पर्धांमध्ये उतरतो, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतोय असं समजा.

स्पर्धा माणसांची असते, माशांची नाही. जागतिक अजिंक्यपद (१९८१ पासून, पहिलं लक्झेंबर्गला) कसं चालतं ते आधी सांगतो. नदीचे तुकडे पाडतात, कुणाला कुठला तुकडा ते चिठ्ठीने ठरतं. तीन तासांची फेरी. गळाला उलटा काटा चालत नाही. मासा जाळीत आला की पंच मोजतो आणि लगेच पाण्यात. प्रत्येक माशाला १०० गुण, वर सेंटीमीटरमागे २०.

आता विचार करा, माझ्या वाट्याच्या तुकड्यात दोनच मासे आहेत आणि शेजाऱ्याच्या तुकड्यात चाळीस. मग जिंकलं कोण? चिठ्ठी! सगळ्यांच्या पुढ्यात पुरेसे मासे असले तरच हात कुणाचा चांगला ते कळतं. वानखेडेची खेळपट्टी आकाशातून पडली का? क्युरेटरने पाणी मारलं, रोलर फिरवला, गवत कापलं. म्हणून कुणी शतकाला खोटं म्हणतं का?

दुसरं, शंभर लोक तीन-चार दिवस रोज तासन्‌तास एका पाण्यात घुसणार आणि एकेक मासा चार-चार वेळा गळाला लागणार. हा त्रास रानातल्या माशांना द्यायचा की हौदातल्या? तुमची खरेपणाची हौस भागवायला बिचारी चांगली नदी कशाला तुडवायची?

तळ्यात_मळ्यात

म्हणजे खुराड्यात हात घालून कोंबडी काढायची आणि भिंतीवर वाघाचं मुंडकं लावायचं. चालू द्या.

गोफण

@तळ्यात_मळ्यात, एकदा या इकडे. खुराड्यातली कोंबडी पहिला दिवसभरच असते. दोन दिवस दहा-दहा जणांनी झोडपलं की हाच मासा तळाला जाऊन बसतो आणि तुमच्या माशीकडे ढुंकूनही बघत नाही. मग दोरी केसाएवढी बारीक करा, माशी तांदळाच्या दाण्याएवढी बांधा, तरी शून्य. मी तीन तास शून्यावर बसलोय, सोडलेल्या माशांच्या पाण्यात. शेजारच्या तुकड्यातल्या झेक पोराने अकरा काढले. तेवढंच त्या दिवशी खरं होतं.

मालवणी_खाजा

थांबा थांबा. तीन तास पाण्यात उभे राहून पकडतात आणि परत सोडून देतात?? आमच्याकडे मासा सोडून रिकाम्या हाताने घरी गेलो तर आये दारात उभं करणार नाही. (हलके घ्या. पण सोडतात का खरंच?)

बादलीवाला

@मालवणी_खाजा, स्पर्धेत सोडतातच. एरवी परवान्यात बसतील तेवढे ठेवता येतात, आणि खरं सांगायचं तर हौदातला ट्राउट बांगड्याच्या पासंगालाही पुरत नाही. रवा लावा, कोकम लावा, काही करा.

@गोफण, खेळपट्टीचा मुद्दा चांगला आहे, पण क्युरेटर लपत नाही हो. सामन्याआधी समालोचक स्वतः वाकून खेळपट्टीला किल्ली लावून बघतो, ‘आज चेंडू वळणार’ म्हणतो. तेच तर मागतोय मी! ट्रक दाखवा. उलट मजा वाढेल. ‘कालच सोडलेत, अजून खडीवर धावतायत, पहिल्या तासात कोण किती काढतो बघू’ असं म्हणा ना. बासरी कशाला?

बोझमनकर

मी मोंटानातला, त्यामुळे या विषयावर आमची नाकं जरा वरच असतात. :)

इथे १९७४ पासून नद्यांमध्ये ट्राउट सोडणं बंद आहे. रानाच्या प्रेमापोटी नाही, आकड्यांमुळे. डिक व्हिन्सेंट नावाचे सरकारी मत्स्यशास्त्रज्ञ मॅडिसन नदीतले मासे मोजत होते. जिथे सोडणं थांबवलं तिथे दोन-चार वर्षांत रानटी ब्राउन ट्राउट दुपटीहून वाढले. शेजारच्या ओडेल क्रीकमध्ये आधी सोडत नव्हते, तिथे मुद्दाम सोडून पाहिलं तर रानटी घटले. म्हणजे सरकार दरवर्षी पैसे खर्चून नदीतले मासे कमी करत होतं! दुकानदार आणि गळवाले त्यांच्यावर भयंकर चिडले होते. आता तेच लोक ‘आमची रानटी नदी’ म्हणून पर्यटकांकडून पैसे घेतात.

सोडलेला मासा एकटा येत नाही, हेही लक्षात घ्या. युरोपातून आलेला ‘व्हर्लिंग डिसीज’ हौदांतल्या माशांबरोबर अमेरिकाभर फिरला. पिल्लांचा कणा-कवटी वाकते आणि ती स्वतःची शेपटी पकडल्यासारखी गोल गोल फिरत राहतात. १९९४ मध्ये तो मॅडिसनमध्ये सापडला तोवर वरच्या भागातले रेनबो नव्वद टक्क्यांच्या आसपास गेले होते. तेव्हा गोफणसाहेब, हौदातले मासे सोडून रानातले वाचवतो हे गणित इतकं सरळ नाही.

गोफण

रोगाचं मान्य. पण स्पर्धेसाठी बंद तळ्यात तपासलेले मासे सोडणं आणि पन्नास वर्षं नदीत आंधळेपणाने ट्रक रिकामे करणं एकाच तागडीत घालू नका.

पाणकणीस

मत्स्यविज्ञान शिकले, आता शिकवते. धागा वाचताना हसू आलं, कारण ‘रानटी, रानटी’ म्हणताय तो मासा कुठला ते कुणी विचारलंच नाही.

मॅडिसनमधला ब्राउन ट्राउट जर्मन. १८८३ मध्ये त्याची अंडी जर्मनीहून न्यूयॉर्कला उतरली, त्याआधी अख्ख्या अमेरिकेत हा मासा नव्हता. रेनबो पॅसिफिककडचा, कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीवरून अंडी काढून तो पूर्वेला आणि पुढे जगभर नेला. पेनसिल्व्हेनियाच्या ओढ्यांचा मूळ रहिवासी ब्रुक ट्राउट, आणि या दोन पाहुण्यांनी त्यालाच वरच्या थंड झऱ्यांमध्ये ढकललाय. आपल्याकडे पहलगामला लोक हौसेने ‘काश्मिरी ट्राउट’ खातात, त्याची अंडीही १९०० च्या सुमारास ब्रिटनहून आणलेली. तेव्हा बादलीवाले काका, तुमचा ट्रक काल आला आणि त्यांचा सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी, एवढाच फरक.

पण मला खरं बोलायचंय ते घरच्या गोष्टीवर. १८३९ मध्ये कर्नल साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका महासीरला शास्त्रीय नाव दिलं, टॉर खुद्री. निळसर परांचा. नद्यांवर धरणं झाली, मासा आटू लागला. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण तलावाशी मत्स्यबीज केंद्र काढलं, १९७० च्या दशकापासून लाखो बोटुकली तयार केली. अतिशय चांगलं काम, मी विद्यार्थी घेऊन गेलेय तिथे. हातावर पाणी घेऊन बोट-बोटभर पिल्लं बघताना पोरं गप्प होतात.

ही बोटुकली कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महासीर वेगळा, पाठीला कुबड असलेला, माणसाच्या वजनाचा. त्यासाठी जगभरातून गळवाले यायचे. गळाला मोठे मासे लागत राहावेत, नदी भरलेली राहावी, हाच सगळ्यांचा चांगला हेतू. पुढे संशोधकांनी गळवाल्यांच्याच छावणीतल्या नोंदवह्या उघडल्या. कुणी कधी कोणता मासा धरला, वजन किती. वर्षामागून वर्ष निळ्या पराचे आकडे चढत गेले आणि कुबडवाला उतरत गेला. वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी, धरणं ही कारणंही आहेतच, सगळं खापर लोणावळ्यावर फोडता येणार नाही. पण २०१८ मध्ये कुबडवाल्याला एकदाचं नीट शास्त्रीय नाव मिळालं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. बारसं आणि तेरावं एकाच मांडवात.

आणि इतकी वर्षं गळवाले फोटो काढत होते, खाली लिहीत होते ‘कावेरीचा महासीर’. खोटं कुणीच बोलत नव्हतं. कोणता महासीर ते कुणी विचारत नव्हतं.

तळ्यात_मळ्यात

@पाणकणीस ताई, दंडवत. यावर वेगळा लेख टाका.

हौशी_प्रेक्षक

मला एक कळत नाही, टीव्हीवर खरं काय असतं? स्वयंपाकाच्या कार्यक्रमात ‘आता हे वीस मिनिटं शिजू द्या’ म्हणतात आणि ओट्याखालून शिजलेलं पातेलं काढतात. कुणी धागा काढला का त्यावर? मला धुकं आणि बासरी आवडते. रविवारी दुपारी बघत बघत झोप छान लागते.

बादलीवाला

@हौशी_प्रेक्षक, तुमची झोप मोडायचा हेतू नव्हता. पण शिजलेलं पातेलं डोळ्यांसमोर काढतात, भाजी शिजायला वीस मिनिटं लागतात हेही खरंच सांगतात. माझ्या कार्यक्रमात भाजी बाजारातून आणून ‘शेतातली’ म्हणाले.

@पाणकणीस, कावेरीचं ठाऊक नव्हतं. दोनदा वाचलं. एक कबूल करतो, ‘रानातला’ हा शब्द मी फार सढळ वापरला. मला त्या निवेदकाचा राग होता, आणि रागात मीही जर्मन पाहुण्याला घरचा करून टाकला. तरी १४० वर्षं स्वतः अंडी घालून, पूर आणि बगळे सोसून टिकलेला मासा आणि काल दुपारी माझ्या बादलीतून उतरलेला, यांत फरक आहेच. पाण्यावर माझी सावली पडली की पहिला दगडाखाली जातो आणि दुसरा माझ्याकडे येतो.

पाणकणीस

तो फरक मलाही मान्य, काका. फक्त पाटी लावायचीच तर पूर्ण लावा: काल सोडला, कुठून आणला, इथे त्याच्याआधी कोण होतं. इंग्लंडात आता नदीत सोडायचा ब्राउन ट्राउट एकतर वांझ असावा लागतो नाहीतर त्याच पाण्यातल्या माशांची प्रजा. हे ज्यांना लिहून ठेवता येतं त्यांना पडद्यावर एक ओळ टाकता येईल.

गोफण

बरं, एक पाऊल मागे येतो. एकच. पाटीला माझी हरकत नाही, लावा. पण त्या पाटीमुळे बघणाऱ्याने ‘हॅ, सोडलेलेच तर होते’ म्हणून चॅनल बदलू नये. २०१६ ला जागतिक स्पर्धा इथे व्हेलला झाली तेव्हा काठावर उभा राहून बघत होतो. एक जण गुडघाभर पाण्यात वाकून, हात लांब करून, दोरीचा एक इंचही पाण्याला लागू न देता चाळीस मिनिटं एकाच दगडामागची फूटभर जागा पिंजत होता. मासा हौदातला की आभाळातला, मला आठवतही नाही. मनगट आठवतं.

बादलीवाला

ते मनगट मीही बघीन हो. घोगरा निवेदक काढा, मनगट ठेवा.

जाता जाता: पुढच्या शनिवारी आमच्या ओढ्यावर सरकारी ट्रक येतोय आणि बादल्या उचलायला माणसं कमी आहेत. जवळपास कुणी मराठी असेल तर व्यक्तिगत निरोप करा. गमबूट स्वतःचे आणा, पाणी अजून बर्फाचं आहे. कांदेपोहे माझ्याकडून.

मालवणी_खाजा

पोह्यांसोबत तळलेला तुकडा नाही?